जाधवांची कोंबडी

नवा माणूस ऑफिसात रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच तो जाधवांना विचारायचा, "जाधव म्हणजे कुठले?"

"कोपरीचे," जाधव सांगायचे.

"तसं नाही हो, मूळचे कुठले?"

"मूळचे पण कोपरीचेच. तिथेच जन्मलेलो."

"म्हणजे वडील वगैरे…"

"वडील वागळे इस्टेटला कामाला होते. कोपरीतूनच जायचे."

एवढ्यावर बहुतेक जण हात टेकायचे. कोणी फारच चिकट निघाला तर कुलदैवत विचारायचा, लग्नं कुठल्या गावात करता ते विचारायचा. जाधव तितक्याच शांतपणे उत्तरं द्यायचे आणि माणूस होता तिथेच राहायचा. मी शेजारच्या टेबलावर. एकदा न राहवून मी म्हटलं, "जाधवभाऊ, सांगून टाका की. तुम्ही बौद्ध आहात हे आम्हां सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही लपवतही नाही."

"सरळ विचारलं तर सरळ सांगतो, ताई. आडून विचारलं की कोपरी. त्यांचं काम मी कशाला सोपं करू?"

हे बोलताना आवाजात चीड नव्हती. जाधवांच्या आवाजात चीड मी फारशी ऐकलीच नाही. तो दमलेल्या माणसाचा आवाज होता. दिवसभर जिने चढल्यावर पाणी मागताना येतो, तसला.

आमचं ऑफिस घोडबंदर रोडला. औषधांचे खोके गावोगावी पाठवणारी कंपनी, आणि न पोचलेल्या खोक्यांच्या तक्रारी घेणारे आम्ही. म्हणजे दिवसभर शिव्या खायच्या. जाधव आल्या आल्या बूट काढून टेबलाखालच्या जुन्या स्लिपरा घालायचे, एक रुमाल खुर्चीच्या पाठीवर टाकायचे, दुसऱ्याने तोंड पुसायचे आणि फोन उचलायचे. पलीकडचा केमिस्ट ओरडायचा, "तुमची कंपनी चोर आहे!" जाधव म्हणायचे, "असू शकतं. पण खोका सापडतो का बघू." हे 'असू शकतं' त्यांचं सगळ्यालाच असायचं. साहेब म्हणायचे, या वर्षी पगारवाढ कठीण दिसतेय. असू शकतं. मी म्हणायचे, रस्त्याचं काम दिवाळीपर्यंत संपेल म्हणतात. असू शकतं. आमची बस ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभी राहायची तेव्हा बाकीचे कंडक्टरशी भांडायचे, खिडकीतून डोकी काढून पुढे बघायचे. जाधव झोपायचे. बस चालू झाली की त्यांना जाग यायची. "थांबलेल्या गाडीतच झोप लागते बघा," म्हणायचे, "चालत्या गाडीत काळजी वाटते."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. किडनीचं दुखणं होतं, बरंच लांबलं. त्या काळात जाधव रात्री दवाखान्यात आणि दिवसा ऑफिसात असायचे. तेव्हाचा थकवा त्यांच्या अंगातून पुढे कधी गेलाच नाही, असं मला वाटतं. घरी ते आणि मुलगी प्रज्ञा. ती डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. दोघांचे डबे सकाळी जाधवच करायचे. भाजीला मीठ कधी कमी, कधी जास्त. त्यावरून प्रज्ञाचा दुपारी फोन यायचा, "बाबा, आज विसरलात." जाधव आपला डबा उघडून चाखून बघायचे आणि म्हणायचे, "हो गं, असू शकतं."

अशा माणसाला एकाच विषयावर मी भरभरून बोलताना ऐकलं. तो विषय म्हणजे त्यांची कोंबडी.

कोंबडी त्यांनी आणली नव्हती, ती आली. कोपरीतल्या त्यांच्या बैठ्या चाळीत मागच्या दाराला थोडी मोकळी जागा होती. नळ, धुण्याचा दगड, एक पपईचं झाड. एका सकाळी भिंतीवर ही कोंबडी बसलेली. पायाला सुतळी बांधलेली आणि सुतळीचं दुसरं टोक तुटलेलं. कुणाच्या तरी रविवारच्या बेतातून ती पळाली होती हे उघड होतं. जाधवांनी चाळीत चौकशी केली, पुलाकडच्या मटणवाल्याला विचारलं, सिंधी दुकानदाराला विचारलं. कोणीच 'माझी' म्हणेना. मग त्यांनी सुतळी सोडली, बाजरी टाकली, आणि ती राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. "ताई, तुमचं कोकण. सांगा बघू, काय वाटतंय?"

मी म्हटलं, "गावठी. आमच्या देवगडला अश्शाच असतात."

"पण पाय बघा. निळसर आहेत. आणि बाहेरच्या बाजूला दोन-चार पिसं. गावठीच्या पायावर पिसं असतात?"

मला काय माहीत! मी कोंबडीचे पाय कधी निरखलेच नव्हते. तेवढ्यात साताऱ्याकडचा माने येऊन डोकावला. "असील आहे," तो म्हणाला, "आमच्या गावात झुंजीला लावायचे. मान बघा, कशी ताठ आहे."

"असीलचा तुरा बसका असतो," जाधव म्हणाले. "हिचा तर उभा आहे. उभा काय, डाव्या डोळ्यावर पडलाय."

तिथून जो खेळ सुरू झाला तो बरेच महिने चालला. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की जाधव नवा फोटो काढायचे. पंखाचा, मानेचा, कानाच्या पाळीचा. कोंबडीला कान असतात आणि कानाला पाळी असते, हे मला त्या दिवसांत कळलं. अंग तांबूस, पंखावर करड्या-पांढऱ्या पट्ट्या, मानेचा थोडा भाग उघडाच. कानाची पाळी पांढरी, म्हणून लेगहॉर्न. तांबूस रंग, म्हणून ऱ्होड आयलंड. पट्ट्यांसाठी आणखी तिसरंच विलायती नाव. मग चोचीच्या आतला भाग जरा काळपट दिसला, तर दोन दिवस कडकनाथ. गंमत म्हणजे ज्याला त्याला तिच्यात आपलं गाव दिसायचं. मानेला सातारा, मला देवगड, आणि केरळच्या आमच्या अकाउंटंटबाईंनी तर उघडी मान बघून छातीठोक सांगितलं की ही आमच्याकडचीच. जाधव सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. कोणालाच पुरतं खोडायचे नाहीत. रात्री घरी जाऊन व्हिडिओ बघायचे आणि सकाळी येऊन सांगायचे, "आपल्या मानेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पणजोबा असील असू शकतो."

त्यांचे अंदाज बरोबर होते का, कोण जाणे. एकदा त्यांनी पैजेवर सांगितलं की पाळी पांढरी आहे म्हणजे अंडं पांढरंच घालणार. दोन आठवड्यांनी तिनं अंडं घातलं, ते निघालं दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. जाधव इतके हसले, इतके हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले. "फसवलं," डोळे पुसत जाधव म्हणाले, "बाईनं साफ फसवलं!"

तिचं नाव काय ठेवलं, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "नाही ठेवलं. नाव ठेवलं की आडनाव विचारतील."

एका रविवारी ते तिला पिशवीत घालून कल्याणला घेऊन गेले. तिथे कोंबड्या विकणारे एक अन्वरभाई होते, पंख बघून जात सांगतात असं कोणीतरी सांगितलं होतं. सोमवारी जाधवांनी आम्हाला सगळं रंगवून सांगितलं. अन्वरभाईंनी कोंबडी उलटी केली, पिसांत फुंकर मारून कातडी बघितली, पाय दाबले आणि म्हणाले, "मिक्स माल है."

"वो तो है," जाधव म्हणाले, "लेकिन किस-किस का मिक्स?"

"भाईसाब, काटने के बाद सब एक."

आम्ही हसलो. जाधवही हसले. पण मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "एवढ्या लांब नेली. पिशवीत पाय आखडले तिचे. जायला नको होतं." आणि तो दिवसभर पुन्हा तसेच, फोनवर 'असू शकतं' म्हणत राहिले.

प्रज्ञाला या सगळ्याचा कंटाळा यायचा. "मावशी, तुम्ही तरी सांगा बाबांना," ती मला म्हणायची. "घरी आले की बॅटरी घेऊन तिच्या कानात बघत बसतात. ती पण बिचारी बसते."

मग प्रज्ञाचं ठरत आलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, निखिल, डोंबिवलीचाच. दोन-तीन वर्षांची ओळख. मी त्याला एकदा पाहिलं होतं, सरळ वाटला. त्याचे आईवडील घरी येणार म्हणून जाधवांनी मला बोलावलं. "घरात बाईमाणूस नाही. तुम्ही असलात तर बरं. मला चहा जमतो, पण पुढचं बोलणं जमत नाही."

मी चकल्या घेऊन गेले. जाधवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, नवीन चादर घातली होती. मागच्या दाराजवळची जागाही झाडली होती. पाहुणे आले. वडील नोकरीतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. दारातून आत येताना त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. त्यांनी लगेच नजर खाली घेतली आणि मग पूर्ण वेळ ती खालीच, लादीवर ठेवली. तेवढ्यावरून माझ्या लक्षात आलं की निखिलनं घरी फक्त आडनाव सांगितलेलं आहे.

ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही. पाणी प्यायले, चहा प्यायले, चकली घेतली. "चहा छान झालाय," वडील म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले. प्रज्ञाला तिच्या शिक्षणाचं विचारलं आणि उत्तर संपायच्या आधी मान डोलावली. निखिल मोबाइल हातात घेऊन उलटसुलट करत होता. आईंनी इकडेतिकडे बघून शेवटी मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"ऑफिसात बरोबर असतो आम्ही."

"हो का? गाव कुठलं तुमचं?"

"देवगडजवळ."

"अय्या! आमचं मालवण!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग त्या माझ्याशीच बोलत राहिल्या. सुपाऱ्या, आंबे, कुणाचं तरी घर, कुणाची तरी नणंद. मी हो-हो करत होते आणि जाधव रिकामा ट्रे मांडीवर धरून आमचं कोकण ऐकत होते.

तेवढ्यात मागच्या दारातून कोंबडी आत आली. रोज यायची तशीच, मान पुढे-मागे करत. लादीवरून चालत निखिलच्या वडिलांच्या पायाशी येऊन थांबली. त्यांनी पाय जरा आत घेतले. काहीतरी बोलायला विषय मिळाला म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं.

"पाळलीय का?"

"हो."

"छान आहे. जात कोणती हिची?"

शब्द बाहेर पडला आणि त्यांचा त्यांनाच ऐकू आला. कानशिलं लाल झाली. "म्हणजे, मी आपलं… गावठी की काय, असं विचारत होतो."

मी जाधवांकडे बघितलं. या प्रश्नावर हा माणूस अर्धा तास बोलला असता. पायापासून सुरुवात केली असती, तुऱ्यावर संपवलं असतं.

"कल्पना नाही," जाधव म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली प्रज्ञा म्हणाली, "असं काय बाबा? सांगा ना. तुम्हाला तर सगळं माहितेय."

"नाही गं. नुसते अंदाज." ते उठले, कोंबडीला दोन्ही हातांनी उचललं, मागे नेऊन सोडलं आणि दार लावून घेतलं. परत येऊन म्हणाले, "तुम्हाला डोंबिवलीला जायचंय. उशीर होईल."

त्याच आठवड्यात निखिलच्या आईंचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत जाधवांनी मला सांगितलं. "पत्रिका जुळत नाही म्हणाल्या."

"पत्रिका? तुम्ही दिली होतीत?"

"आमच्यात करतच नाहीत." ते हसले. मी पण हसले, काय करणार. मग त्यांनी स्लिपरा काढून बूट घातले आणि खाली जाऊन उभे राहिले. वरून खिडकीतून दिसत होतं. रस्त्याच्या कडेला, उन्हात, कुठेही न बघता उभे होते. जेवणाची सुट्टी संपून गेली तरी आले नाहीत. त्यांचे फोन मी घेतले.

निखिलनं नाही म्हटलं नाही. आईबाबांना थोडा वेळ देऊ, म्हणाला. प्रज्ञानं दिला. दिवाळी गेली, गुढीपाडवा आला. मग तो कँटीनमध्ये वेगळ्या वेळी जेवायला लागला. शेवटी तिनंच विषय बंद केला आणि नोकरी बदलली, अंबरनाथला लागली. मी निखिलबद्दल काहीबाही बोलले तेव्हा जाधवांनीच मला थांबवलं. "पोरगा वाईट नव्हता, ताई. दमला. सगळ्यांचाच दम सारखा नसतो."

फोटो यायचे बंद झाले. मानेनं एक-दोनदा विचारलं, "काय जाधव, लागला का शोध?" जाधव म्हणाले, "कोंबडी आहे रे. काय शोधायचंय?" जेवणाची सुट्टी पुन्हा पगार आणि ट्रॅफिकवर आली.

त्याच वर्षी एक नवा मुलगा लागला. पहिल्याच आठवड्यात खुर्ची ओढून जाधवांजवळ आला. "जाधव म्हणजे कुठले हो?" आम्ही कान टवकारले. काही जण आधीच हसायच्या तयारीत होते.

"बौद्ध," जाधव म्हणाले आणि फोन उचलला.

"नाही नाही, मी आपलं सहज…" मुलगा पुटपुटला. कोणी हसलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ते सांगण्यात काही वाईट नव्हतं. पण इतकी वर्षं टिकवलेला एक खेळ त्यांनी सोडून दिला होता. खेळायला अंगात थोडी तरी ताकद लागते.

पुढे जाधव निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झाला. साहेब म्हणाले, जाधवांसारखा शांत माणूस मिळणार नाही. जाधव नेहमीचंच म्हणाले आणि सगळे हसले. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण जाणं होईना. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आमंत्रण द्यायला मी कोपरीला गेले.

दुपारची वेळ होती. जाधव बनियनवर, खाटेवर पेपर घेऊन पडले होते. खूप वाळले होते. मला बघून उठले, शर्ट शोधू लागले. मी म्हटलं, राहू दे. आमंत्रणाची पत्रिका त्यांनी दोन्ही हातांत घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली, मागची प्रेसची ओळसुद्धा वाचली. "चला," म्हणाले, "एक तरी पत्रिका आमच्याकडे नीट पोचली." मग मुलाचं, सुनेचं विचारलं, आणि मनापासून विचारलं.

मागच्या दारात, पायरीवर प्रज्ञा बसली होती. तिची सुट्टी होती. मांडीवर कोंबडी. म्हातारी झालेली, तुऱ्याचा रंग उतरलेला, अंडी कधीच बंद. मी जाऊन शेजारी बसले.

"मावशी, हिच्या पायावरची पिसं बघा," प्रज्ञा मोठ्यानं म्हणाली. इतकं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. "मला वाटतं हिची आजी ती विलायती ब्रह्मा कोंबडी असणार. शंभर टक्के ब्रह्मा."

आतून पेपराचा आवाज आला.

"हो ना बाबा?"

"असू शकतं."

"असू शकतं काय? आहेच. एवढी पिसं दुसऱ्या कुणाला असतात?"

मग खाट करकरली. "ब्रह्माचे पाय एवढे बारीक असतात का? खांबासारखे असतात. आणि आधी कानाची पाळी बघ म्हणून कितीदा सांगितलंय तुला? पाय शेवटी बघायचे." बोलता बोलता जाधव दारात येऊन उभे राहिले. वाकले, कोंबडीचा तुरा बोटानं बाजूला सारला. "हे बघ. कडेनं लाल, मध्ये पांढरी. ही ब्रह्मा?"

"मग काय?"

"ते एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!" म्हणाले आणि तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून, खाली बसले. अंड्याच्या रंगावर गेले, मग पंखावरच्या पट्ट्यांवर. मधेमधे धाप लागायची, तेव्हा थांबायचे. प्रज्ञा मुकाट्यानं ऐकत होती.

ते चहा टाकायला आत गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, मी रोज एक चुकीचं सांगते. आई गेली तेव्हा पण ते असेच गप्प झालेले, पण तेव्हा मी लहान होते, मला काही सुचलं नाही. आता कळलंय. चूक ऐकवत नाही त्यांना. उठून येतातच." ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "व्हिडिओ बघून अभ्यास करावा लागतो मला. पटेल असं चुकायला पाहिजे ना."

मी तिला तिचं स्वतःचं काही विचारणार होते. तिच्याकडे बघितलं आणि विचारलं नाही.

चहा झाला. मिठाचं जमत नसलं तरी चहा त्यांना खरंच जमायचा. मी निघाले तर जाधव पायात चपला सरकवून माझ्याबरोबर आले. नको म्हटलं तरी पिशवी हातातून घेतली. गल्लीत दोघा-तिघांनी त्यांना जयभीम केला, त्यांनी मान हलवूनच घेतला. मोठ्या रस्त्याला आलो तर गाड्यांची नुसती रांग. रिक्षा पलीकडच्या बाजूला. मी एक पाऊल टाकायचे, मागे यायचे.

"थांबा," जाधव म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ रस्त्यात उतरले. हात वर केला. बनियन, पायजमा, तो वाळका हात. एका मोठ्या गाडीनं कचकन ब्रेक लावला, मागून हॉर्न सुरू झाले. मी पटापट ओलांडून गेले. पलीकडे पोचून वळून बघितलं, म्हटलं आता तेही मागे होतील. पण माझ्यामागून एक बाई कडेवर मूल घेऊन निघाली होती. तिच्यामागे शाळेच्या मुली, त्यांच्यामागे काठी टेकत एक आजोबा. गाडीवाला काच खाली करून ओरडत होता. जाधवांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. हात तसाच वर धरून ते मागे वळून बघत होते, अजून कोण यायचं राहिलंय ते.

रिक्षावाल्यानं मीटर टाकलं. मी निघाले तेव्हा ते अजून तिथेच होते.